एल्ब्रुसवर चढायचं, स्नोबोर्डवरून उतरायचं: कोल्हापुरातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूर सोडलं तेव्हा रंकाळ्यावर पावसाची झड लागली होती आणि माझ्या पाठीवर दीड मीटर लांबीची पिशवी होती. स्टँडवर तिघांनी विचारलं, "ताई, आत काय हाय?" बर्फावरून घसरत यायची फळी, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आणि बर्फ कुठं?"

बर्फ रशियाच्या दक्षिणेला, कॉकेशस पर्वतात, एल्ब्रुसवर. महाराष्ट्रातून दरवर्षी बरेच गिर्यारोहक तिथं जातात, त्यामुळं चढाईबद्दल विचारायला माणसं मिळतात. बोर्ड घेऊन जायचं म्हटल्यावर मात्र मला सांगणारं कुणी भेटलं नाही. जे काही शिकले ते पैसे, एक हातमोजा आणि मनगटाची सूज देऊन शिकले. तुमचं तेवढं वाचावं म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते.

सगळ्याच्या आधी एक नियम, पुढं तो पुन्हा येईल: जिथं थांबता येतं, तिथूनच सुटायचं. तुम्ही किती उंच चढलात याचा बोर्ड कुठून लावायचा याच्याशी काही संबंध नाही.

## १. डोंगर कसा आहे ते आधी समजून घ्या

एल्ब्रुस हा निद्रिस्त ज्वालामुखी आहे. शेवटचा उद्रेक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याला दोन शिखरं आहेत: पश्चिमेचं ५,६४२ मीटर आणि पूर्वेचं ५,६२१ मीटर. पश्चिमेचं शिखर युरोपातलं सर्वोच्च मानतात. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो भेगांमधून वाहत येऊन थरावर थर साचलेला, म्हणून आपल्याकडं सपाट माथे आणि ताशीव कडे. एल्ब्रुस एकाच जागी उसळून साचत गेला, त्यामुळं घुमटासारखा, चहूबाजूंनी उतरता. बोर्डसाठी हा आकार फार चांगला. पण धोकाही त्यातच आहे. धुकं आलं की चारी दिशा सारख्या दिसतात आणि माणूस वाट सोडून हिमनदीच्या भेगांकडं उतरत जातो.

दक्षिणेच्या वाटेवरचे हे टप्पे पाठ करून ठेवा:

- आझाऊ, सुमारे २,३५० मीटर. केबल कार इथून सुटते.
- मीर स्टेशन, सुमारे ३,५०० मीटर.
- गाराबाशी, सुमारे ३,८५० मीटर. केबल कारचं शेवटचं स्टेशन. राहायचे डबे आणि झोपड्या याच्याच आसपास.
- पास्तुखोव्ह खडक, साधारण ४,६०० ते ४,७०० मीटर. बर्फातून वर आलेले काळे लाव्ह्याचे खडक.
- तिरकी वाट, ५,००० मीटरच्या वर, पूर्व शिखराला वळसा घालत जाणारी.
- खिंड, सुमारे ५,३०० मीटर. तिथून पश्चिम शिखर.

गाराबाशी ते शिखर म्हणजे जवळजवळ १,८०० मीटर चढाई. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे पन्हाळा चारदा चढायचा, तोही एका दमात, आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा.

हंगाम जून ते सप्टेंबर. नुसतं चढायचं असेल तर जुलै-ऑगस्ट बरा. बोर्ड न्यायचं असेल तर जूनचा मध्य ते जुलैचा पहिला पंधरवडा धरा. ऑगस्टमध्ये वरचा बर्फ झिजून खालचं निळसर, काचेसारखं कडक बर्फ उघडं पडतं. त्यावर बोर्डची धार, म्हणजे कडेची पोलादी पट्टी, बसत नाही.

## २. दोन विद्या आधी, तिकीट नंतर

पहिली विद्या गिर्यारोहणाची. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते, घालून चालणं, आइस अ‍ॅक्सनं घसरण थांबवणं, दोरावर चालणं. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट किंवा मनालीची संस्था, यांचा प्राथमिक कोर्स करा. साधारण महिन्याभराचा असतो आणि जागा खूप आधी भरतात.

दुसरी स्नोबोर्डची. गुलमर्गला हिवाळ्यात शिकता येतं. एका आठवड्यात उभं राहता येईल, वळताही येईल, पण एल्ब्रुससाठी तेवढं पुरणार नाही. मी दोन हिवाळे गेले. परीक्षा सोपी आहे: सकाळी लवकर, उतार कडक असताना, टाचेच्या बाजूच्या धारेवर आडवं राहून शंभर मीटर सरळ खाली घसरत या आणि सोबती "थांब" म्हणाला की दोन हातांच्या आत थांबा. मग तेच बोटांच्या धारेवर, तोंड डोंगराकडं करून. दोन्ही जमलं की तिकिटाचं बघा. सुंदर वळणं घेता येतात पण कडक उतारावर थांबता येत नाही, असे बरेच जण मी पाहिलेत. त्यांनी अजून एक हिवाळा द्यावा.

## ३. कोल्हापुरात काय तयारी होते

उंचीचा सराव इथं होत नाही, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत. पाय आणि दम मात्र इथंच तयार होतो. मी सहा महिने आठवड्यातून दोनदा जोतिबाच्या पायऱ्या चढले, आधी मोकळी, मग पाठीवर बारा किलो घेऊन. शेवटचे दोन महिने बोर्डही पाठीला बांधत होते. लोक बघतात, बघू द्या. उभं बांधलेलं बोर्ड वाऱ्यात शिडासारखं ओढतं आणि डोक्यावरच्या फांद्यांना अडकतं, हे पन्हाळ्याच्या तटावरच्या वाऱ्यातच मला पहिल्यांदा कळलं. गाराबाशीवर कळलं असतं तर महागात पडलं असतं.

मांड्यांसाठी बैठका. जवळ तालीम असेल तर वस्तादांना सांगा, शिखरावरून परत कसं यायचं ते सांगा, ते बरोबर मेहनत लावतात. उतरताना मांडी थरथरायला लागली की धार सुटते.

## ४. कागदपत्रं आणि पैसे

- पासपोर्ट. परतीनंतरही किमान सहा महिने वैध असलेला ठेवा.
- रशियाचा ई-व्हिसा. भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून ऑनलाइन मिळतो. किती दिवस राहता येतं आणि कोणत्या विमानतळावरून आत जाता येतं ते अर्ज करताना तपासा. छापील प्रत जवळ हवी.
- गिर्यारोहणाचा विमा. त्यात ६,००० मीटरपर्यंतची चढाई, बचावकार्य आणि स्नोबोर्डिंग हे तीनही शब्द लिहिलेले हवेत. साध्या प्रवास विम्यात यातलं बहुधा काहीच नसतं. माझ्या पहिल्या पॉलिसीत चढाई होती, बोर्ड नव्हतं. फोन करून पुरवणी घ्यावी लागली.
- मायग्रेशन कार्ड. रशियात शिरताना मिळतं, परत येईपर्यंत पासपोर्टमध्येच ठेवायचं.
- राहण्याची नोंद. हॉटेल करून देतं, चिठ्ठी मागून घ्या.
- राष्ट्रीय उद्यानाच्या शुल्काची पावती.
- बचाव दलाकडं तुमच्या गटाची नोंद: नावं, वाट, परतीची तारीख.

दक्षिणेच्या नेहमीच्या वाटेला सीमा-परवाना लागत नाही. पण आजूबाजूच्या काही दऱ्या जॉर्जियाच्या सीमेला लागून आहेत, तिथं लागतो आणि परदेशी माणसाला मिळायला आठवडे जातात. तेव्हा सरावाला म्हणून भलत्या दरीत शिरू नका.

इथं सगळे फसतात: मार्च २०२२ पासून भारतात काढलेली व्हिसा किंवा मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. एटीएमही नाही. सगळा खर्च रोख न्यायचा. चांगल्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा घ्या आणि मॉस्कोतच रुबल करून घ्या. निघण्याआधी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा. दक्षिण रशियातले विमानतळ मधूनच काही तास बंद होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे सोडा.

## ५. सामान

चढाईच्या सामानाची यादी कुठलाही गाइड देईल: दुहेरी बूट, क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स, हार्नेस, हेल्मेट, डाउन जॅकेट, हातमोज्यांचे दोन जोड. बूट, क्रॅम्पॉन, अ‍ॅक्स आझाऊ आणि त्याच्या खालच्या तेर्स्कोल गावात भाड्यानं मिळतात. बोर्डपुरतं मी सांगते.

बोर्ड आणि बूट स्वतःचे न्या. मी ज्यांच्याकडून मोहीम घेतली त्यांनी सांगितलं होतं की बोर्ड तिथं मिळेल, आणायची गरज नाही. माझ्यासोबतच्या पुण्याच्या एकानं विश्वास ठेवला. उन्हाळ्यात दुकानात दोनच बोर्ड होती, दोन्ही त्याच्या उंचीला आखूड, आणि बूट एक नंबर मोठा. मोठ्या बुटात टाच उचलते आणि धार लागत नाही. तो चढला, पण बोर्डला हात लावला नाही. शहाणपणाचं केलं.

पूर्ण पट्ट्यांचे क्रॅम्पॉन घ्या. पुढं तारेचं आणि मागं खटक्याचं असतं ते क्रॅम्पॉन स्नोबोर्डच्या मऊ बुटावर बसत नाही. पट्ट्यांचं बसतं, पण घरी बूट घालून, बांधून, जिना चढून बघा.

लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी. सुटलेलं बोर्ड दोन किलोमीटर खाली कुणाच्या तरी पाठीत जाऊन बसतं.

काळा चष्मा चौथ्या श्रेणीचा. उन्हाची क्रीम ओठांना, कानामागं आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावायची. ऊन बर्फावरून उलटून खालून येतं. माझ्या हनुवटीखालची कातडी गेली, कारण तिथं लावायचं सुचलंच नाही.

खाण्याचं: गुळाचे खडे, शेंगदाण्याची चिक्की आणि भडंग. थंडीत चॉकलेट दगड होतं, गूळ तोंडात धरला की विरघळतो. भडंग मात्र कमी तिखटाचा न्या. उंचीवर घसा आधीच कोरडा असतो.

## ६. धार आणि मेण

बोर्डच्या दोन्ही कडांना पोलादी पट्टी असते. तीच तुमचा ब्रेक. ती बोथट असेल तर वर सांगितलेली परीक्षा पास होणार नाही.

मी उद्यमनगरात एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बोर्ड घेऊन गेले. काकांनी पट्टीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दोन मिंटात ग्राइंडरला लावून देतो की." मी नको म्हटलं. ग्राइंडरची ठिणगी पडली की पातळ पट्टी तापते, निळी पडते आणि पोलादाचं पाणी उतरतं. शिवाय आतला चिकटवलेला थर सुटतो. काकांना ते सांगायला लागलं नाही. निळी म्हटल्याबरोबर ते हसले आणि मुलाला बारीक कानस आणायला सांगितली. कानस एकाच दिशेनं, लांब हातानं, नव्वद अंशात धरून. प्रत्येक बाजूला दहा-बारा हात. मग तेलाचा दगड फिरवून लव काढली. नखाची पाठ पट्टीवरून ओढून बघा: नखाचा बारीक भुगा निघाला की धार आली. टोकाकडची आणि शेपटीकडची चार-चार बोटं मात्र मुद्दाम बोथट ठेवा, नाहीतर वळताना अडकते.

मेण उन्हाळी, ओल्या बर्फाचं घ्या. जुनी, बिनवाफेची इस्त्री मंद ठेवून पातळ थर द्या, थंड होऊ द्या, प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. ती इस्त्री पुन्हा कपड्यांना वापरायची नाही.

## ७. पोचणं आणि हवेला सरावणं

दिल्लीहून मॉस्को, तिथून विमानानं मिनरल्निये व्होदी, मग बक्सान नदीच्या खोऱ्यातून रस्त्यानं तीन-चार तास. बोर्डची पिशवी विमानात खेळाचं सामान म्हणून आधी नोंदवा, काउंटरवर जाऊन सांगू नका. बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डला जखडणाऱ्या पट्ट्यांचे, स्क्रू आणि पाना पिशवीत वेगळ्या डबीत.

हा मुलूख बाल्कार लोकांचा. ते एल्ब्रुसला मिंगी ताऊ म्हणतात. शाकाहारींची चिंता मिटेल असा पदार्थ तिथं मिळतो: खिचिन, म्हणजे चीज आणि बटाटा भरून लाटलेली पातळ पोळी, वर लोणी. सोबत आयरान. पहिला घोट घेतला आणि ताकच की हे, असं झालं.

सरावाचा माझा क्रम असा होता. पहिला दिवस तेर्स्कोलला आराम. दुसऱ्या दिवशी ३,१०० मीटरवरच्या वेधशाळेपर्यंत चाल, परत खाली. तिसऱ्या दिवशी गाराबाशीला मुक्काम. चौथ्या दिवशी पास्तुखोव्ह खडकांच्या खालपर्यंत जाऊन परत. पाचवा आराम. सहावा आणि सातवा हवामानासाठी राखीव. यातला एकही दिवस कापू नका. केबल कारमुळं एका तासात तुम्ही दीड हजार मीटर वर जाता, शरीराला मात्र त्याचे दिवस लागतात.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं पहिल्या रात्री होतं. तेच वाढत गेलं, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी (उंचीच्या त्रासावरची) घ्यायची की नाही ते इथल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. मैत्रिणीनं दिली म्हणून घेऊ नका.

## ८. शिखराचा दिवस, बोर्ड खाली ठेवून

माझा आग्रह आहे की पहिल्या खेपेला शिखर आणि बोर्ड हे दोन वेगळे दिवस करा. वर थकलेल्या पायांनी, कमी हवेत, अनोळखी उतारावर बोर्ड लावायचं नाही. तिरक्या वाटेच्या खालचा उतार बघितलात तर पटेल: वरून गुळगुळीत, खाली भेगा. तिथं पडलेला माणूस थांबत नाही.

रात्री एक-दोनला निघायचं. रॅट्रॅक, म्हणजे बर्फावर चालणारी साखळीची गाडी, पास्तुखोव्ह खडकांपर्यंत आणि त्याच्याही वर नेते. घेतलात तर त्यात कमीपणा नाही. फक्त गाडीत बसून उंची चढल्यामुळं त्रास उशिरा जाणवतो, हे लक्षात ठेवा. परतीची वेळ गाइडसोबत आधीच ठरवा आणि ती झाली की शिखर शंभर मीटरवर असलं तरी वळा. सप्टेंबर २०२१ मध्ये याच डोंगरावर १९ जणांचा गट वादळात सापडला आणि पाच जण गेले. शिखरावर टोपीसारखा ढग बसला की वर वारा सुटलाय असं समजायचं. त्या दिवशी निघायचंच नाही.

## ९. बोर्डचा दिवस

आता ज्यासाठी एवढा खटाटोप, ते.

उन्हाळ्यात बर्फाला घड्याळ असतं. रात्री गोठतो, पहाटे दगड असतो, ऊन चढलं की वरचे दोन-तीन इंच सुटतात आणि भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मोकळे होतात. याला कॉर्न स्नो म्हणतात. दक्षिणेच्या उतारावर ही अवस्था साधारण साडेदहा ते एक टिकते. त्यानंतर तो लगदा होतो, पाय रुततात, वर ढग भरायला लागतात. तुमच्या हातात हे दोन-अडीच तास.

मी पहिल्याच दिवशी चुकले. रॅट्रॅकनं पावणेनऊला पास्तुखोव्ह खडकांपाशी पोचलो. वारा होता, बोटं गार पडायला लागली होती. थांबून काय करायचं म्हणून साडेनऊला बोर्ड बांधलं. गाइड म्हणाला थांब, मी म्हटलं सावकाश जाते. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला धार करकरली आणि सुटली. कुशीवर पडले आणि साठ-सत्तर मीटर तशीच गेले. खाली रॅट्रॅकच्या साखळीनं बर्फ उकरलेला होता, त्या भुग्यात अडकून थांबले. उजवा हातमोजा गेला, मनगट सुजलं. गाइड क्रॅम्पॉनवर उतरत आला. रागावला नाही. माझ्यासमोर त्यानं बुटाची टाच बर्फावर जोरानं मारली आणि पाय उचलून दाखवला. ओरखडासुद्धा नव्हता.

राखीव हातमोजा घातला आणि आम्ही एका खडकाच्या आडोशाला दीड तास बसलो. अकरा वाजून गेल्यावर त्यानं पुन्हा टाच मारली. दोन बोटं रुतली. मग मला म्हणाला, जा.

तेव्हा टाचेची परीक्षा लक्षात ठेवा: टाच मारून दोन बोटं रुतत नाही तोवर बोर्ड पाठीवरच. घोट्यापर्यंत रुतायला लागला की वेळ गेली, चालत उतरा.

बोर्ड बांधायचा क्रम असा. यात घाई करू नका:

१. अ‍ॅक्सनं बर्फात बसण्यापुरता ओटा खणा.
२. बोर्ड उलटं ठेवा, बाइंडिंग बर्फात दाबून. सरळ ठेवलं की निघून जातं.
३. लीश पुढच्या पायाला बांधा. अजून क्रॅम्पॉन काढायचं नाही.
४. पुढच्या पायाचं क्रॅम्पॉन काढा, बुटाच्या तळाचा बर्फ खरवडा, बोर्ड सरळ करून तो पाय बाइंडिंगमध्ये घट्ट बांधा.
५. मगच दुसऱ्या पायाचं क्रॅम्पॉन काढा. दोन्ही एकदम काढून उभं राहिलात तर तुमच्या पायाखाली काहीच नाही.
६. क्रॅम्पॉन आणि अ‍ॅक्सचं टोक झाकून पिशवीत आत. बाहेर लटकवलेलं टोक पडल्यावर पाठीत शिरतं.

सुरुवात टाचेच्या धारेवर आडवं घसरत करा, पन्नास मीटर. बर्फ धरतोय अशी खात्री पटली की वळायला लागा. रॅट्रॅकच्या वाटेच्या आणि खुणेच्या काठ्यांच्या नजरेबाहेर जाऊ नका. दोन्ही बाजूंचा न मळलेला उतार ओढून नेतो, पण भेगा त्याखालीच आहेत. चढणारे समोर दिसले की आधी थांबायचं, मग त्यांच्या खालच्या अंगानं लांबून जायचं. धुकं आलं की बोर्ड काढायचं, क्रॅम्पॉन घालायचं आणि काठी ते काठी चालत यायचं. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा, वर इंटरनेट मिळेलच असं नाही.

खडकांपासून गाराबाशीपर्यंत साडेआठशे मीटर उंची उतरते. मी मध्ये सहा वेळा थांबले, मांड्या पेटल्या होत्या आणि श्वास पुरत नव्हता. पण तिसऱ्या थांब्यानंतर एक पट्टा असा लागला की धार दाबली की बर्फ "सर्रर्र" करत बाजूला उडत होता, समोर कॉकेशसची सगळी रांग उभी होती आणि खाली बक्सानचं हिरवं खोरं. तिथं मी थांबायला हवं होतं त्यापेक्षा दोन वळणं जास्त घेतली.

## १०. खाली आल्यावर

केबल कार दुपारनंतर बंद होते, शेवटची वेळ आदल्या दिवशीच फलकावर बघून ठेवा. बोर्डच्या धारा त्याच संध्याकाळी पुसा आणि तेलाचा हात फिरवा. आपल्या पावसाळी हवेत घरी पोचेपर्यंत गंज चढतो.

आणि बचाव दलाकडं केलेली नोंद बंद करा. फोन करून किंवा जाऊन सांगा की अमुक गट, सगळे खाली आले. आमच्यातल्या दोघांना वाटलं हॉटेलवाले सांगतील. हॉटेलवाले सांगत नाहीत. तुम्ही खिचिन खात बसला असाल आणि तुम्हाला शोधायला वर कुणीतरी निघालं असेल, असं होऊ देऊ नका.